नऊ छिद्रं, अकरा खांब

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस नुसता ओतत होता. ऐरोलीहून बापलेक रिक्षाने आले. दोघांच्या मधे कॅबिनेट आणि त्यावर दोघांचे रेनकोट. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुलैमध्ये असे पाहुणे येतच असतात. कॉलेजं सुरू झालेली असतात, मुलं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचे पार्ट आणतात, घरीच मशीन जोडतात आणि एखाद्याचं अडतं.

मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. यादी तिने वहीत लिहून आणली होती: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड (आमच्या भाषेत नुसता बोर्ड), १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. निवड चोख होती. प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, कार्ड ११५ वॅटचं, म्हणजे एसएमपीएसवर ताण येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ७६०० मध्ये छोटं का होईना, स्वतःचं ग्राफिक असतं, त्यामुळे कार्ड काढूनही बोर्डाच्या एचडीएमआयवर डिस्प्ले बघता येतो. नावात शेवटी ‘एफ’ असलेला ७५००एफ घेतला असता तर ही सोय नसती. त्या प्रोसेसरवर बोर्डाच्या एचडीएमआयला वायर लावून ‘नो डिस्प्ले’ म्हणून घाबरणारेही पुष्कळ येतात.

“दादा, बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा मारतात आणि थांबतात. परत दाबलं तर काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा तेवढंच.”

इतकं नेमकं लक्षण सांगणारं गिऱ्हाईक मिळालं की निम्मं काम होतं. पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळी, ही एक तऱ्हा. तिथे रॅम, कार्ड, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) असं शोधत जायचं. पंखे दचकून थांबतात आणि नंतर बटण दाद देत नाही, ही अगदी वेगळी तऱ्हा. कुठेतरी शॉर्ट आहे, एसएमपीएसने तो ओळखला आणि स्वतःला कुलूप लावून घेतलं. मेन स्विच काही सेकंद बंद ठेवल्याशिवाय ते कुलूप निघत नाही.

वडिलांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. घराजवळच्या एका दुकानात त्यांनी मशीन दाखवलं होतं. तिथे दुसरा एसएमपीएस लावून बघितला, तोच प्रकार झाला, म्हणून ‘बोर्ड गेला’ असं सांगून मोकळे झाले. बोर्ड ऑनलाइन घेतलेला आणि परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. “परतच करून टाकू का?” ते विचारत होते. आणि जाता जाता म्हणाले, “पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात हो. करंट तर नाही ना उतरला?”

मुंग्यांचं मी लिहून ठेवलं. ते वेगळं दुखणं होतं.

मशीन लगेच चालू केलं नाही. शॉर्टचा संशय असताना ‘एकदा बघू’ म्हणून पाच वेळा बटण दाबणं म्हणजे बोर्डाची परीक्षा बघणं. आधी एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवल्या आणि तो टेस्टरवर लावला: १२.१, ५.०, ३.३ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी. एसएमपीएस निर्दोष. तिने वायरी त्याच्याच खोक्यातल्या वापरल्या होत्या, हेही तपासलं. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नयेत. टोक बसतं, पण आतली पिनांची रचना वेगळी असते आणि त्यात डिस्क, बोर्ड सगळं जळू शकतं.

प्रोसेसरची वायरही पाहिली. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनचं सॉकेट असतं, त्यात ४+४ अशी दुभंगणारी वायर जाते. कार्डाची वायरही ८ पिनचीच, पण ती ६+२ अशी दुभंगते आणि तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, यांच्या जागा उलट असतात. खाचा वेगळ्या असल्याने सहज बसत नाही. जोर लावून बसवली तर थेट शॉर्ट. तिची वायर बरोबर होती.

मग ग्राफिक कार्ड उतरवलं, कारण त्यालाही १२ व्होल्ट जातात आणि दोषी तेही असू शकतं. मीटर कंटिन्यूइटीवर ठेवला, म्हणजे दोन टोकं कुठून तरी जोडली गेली की तो बीप देतो. एक टोक बोर्डावरच्या २४ पिनच्या सॉकेटात ग्राउंडच्या पिनेला, दुसरं त्याच सॉकेटात १० नंबरच्या पिनेला. १० आणि ११ या १२ व्होल्टच्या पिना. त्या ग्राउंडला थेट जोडलेल्या नसतात, त्यामुळे इथे मीटर फार तर क्षणभर चुकचुकून गप्प व्हायला हवा, कारण बोर्डावरचे कपॅसिटर भरताना तेवढा आवाज येतो.

मीटर गप्प बसेना. सलग बीप.

“म्हणजे बोर्ड गेलाच?” वडील.

बोर्ड गेला असता तरी हाच बीप आला असता, हे खरं. फरक कळायला एकच उपाय असतो, तो म्हणजे बोर्ड पत्र्यावरून उचलायचा. घराजवळच्या दुकानात नेमकं हेच राहून गेलं होतं. एसएमपीएस बदलला, पण बोर्ड होता तिथेच ठेवला.

मुलीला मीटरची दोन्ही टोकं धरायला दिली. मी नऊ स्क्रू काढले आणि दोन्ही हातांनी बोर्डाच्या कडा धरून तो जेमतेम सेंटिमीटरभर वर उचलला.

बीप थांबला.

हळूच खाली टेकवला. बीप सुरू. परत उचलला. शांत. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आधीच ती ट्रेमध्ये, म्हणजे बोर्ड ज्यावर बसतो त्या पत्र्यावर, वाकून बघत होती.

बोर्ड बाहेर काढून टॉर्च मारला. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, त्याला छिद्रं नऊ. ट्रेमध्ये पितळेचे षटकोनी खांब, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, ते अकरा. दोन जास्तीचे. कॅबिनेटच्या पिशवीत सुटे खांब येतात आणि ट्रेमध्ये छिद्रंही जास्त असतात, कारण त्याच ट्रेवर मायक्रो एटीएक्स आणि मिनी आयटीएक्स हे छोटे बोर्डही बसायला हवेत. तिने प्रत्येक छिद्रात एक खांब आवळला होता. “बोर्डाला आधार जास्त मिळेल असं वाटलं.” विचार वाईट नव्हता. ग्राफिक कार्ड बसवताना बोर्ड वाकतो, हे तिने वाचलं होतं. पण खांब छिद्राखाली असतो तिथे त्याला टेकायला बोर्डावर मोकळी कडी ठेवलेली असते. छिद्र नाही तिथे तो थेट सर्किटवर टेकतो.

एका जास्तीच्या खांबाच्या पितळी माथ्यावर नवी, चकचकीत ओरखड्याची रेघ होती. बोर्ड उलटा केला तर बरोबर त्याच जागी, खालच्या एका स्लॉटच्या पिनांच्या रांगेत, सोल्डरचं एक टोक चेपून सपाट झालेलं दिसलं. मोहरीच्या निम्म्याएवढं असेल. १२ व्होल्ट तिथून खांबात, खांबातून पत्र्यात, आणि पत्रा म्हणजे ग्राउंड. दुसऱ्या जास्तीच्या खांबाच्या जागी बोर्डाचा हिरवट रंगाचा थर शाबूत होता, तिथे काहीच झालं नव्हतं.

दोन्ही खांब पकडीने काढले. कोणत्या छिद्रात खांब हवा हे अंदाजाने ठरवू नये. बोर्ड ट्रेवर अलगद धरून वरून टॉर्च मारायचा आणि बोर्डाच्या छिद्रातून ट्रेचं छिद्र दिसेल तिथेच खांब. काही कॅबिनेटमध्ये छिद्राशेजारी अक्षरंही ठोकलेली असतात. बोर्ड लावण्याआधी एक मोजणी: जितकी छिद्रं तितके खांब. एक कमी असला तर भागतं, एक जास्त असला तर भागत नाही.

आता बोर्ड जिवंत आहे का ते बघायचं होतं. तो कॅबिनेटमध्ये न घालता त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालवू नये, तिचा बाहेरचा थर विद्युतवाहक असू शकतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने अंगावर स्टॅटिक फारसं साठत नाही, तरी बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या पत्र्याला बोट टेकवायची सवय ठेवावी. बोर्डावर प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, जिला बोर्डावर ए२ लिहिलेलं असतं. एचडीएमआय बोर्डाला. बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं. या दोन पिनांत उलटसुलट काही नसतं. उलटसुलट असतं ते फक्त एलईडीच्या पिनांत.

पंखा फिरला आणि फिरत राहिला. बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा दिवा लागला. स्क्रीन काळी.

पहिल्यांदाच मशीन जोडणाऱ्यांची इथे सगळ्यात जास्त फसगत होते. एक मिनिट गेलं. वडील म्हणाले, “बंद करा हो, आणखी काही जळेल.” मी घड्याळ दाखवलं. डीडीआर५ च्या बोर्डावर पहिल्या वेळी प्रोसेसर आणि रॅम यांचा आपसात मेळ बसवण्याचं काम चालतं. प्रत्येक सिग्नल किती विलंबाने आणि किती व्होल्टला नीट वाचता येतो, हे प्रोसेसर करून बघतो आणि जमलेलं गणित साठवून ठेवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पुढच्या वेळी तेच गणित वापरलं जातं, म्हणून मशीन लवकर उठतं. पण पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, रॅम जास्त असली तर आणखी वेळ. अर्ध्यात बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा अर्ध्यात बंद करून ‘रॅम खराब’ म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी चांगल्या रॅम असतील.

या बोर्डाला तीन मिनिटं लागली. पिवळा दिवा विझला, दुसरे दोन लागून गेले आणि स्क्रीनवर बायोस आलं. रॅम १६ जीबी, वेग ४८००.

दिवा ‘सीपीयू’चा लागून तिथेच अडकला असता तर मी वेगळ्या वाटेने गेलो असतो. मग प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना भिंगाखाली बघाव्या लागतात. एएम५ मध्ये, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटात, पिना बोर्डावर असतात, १७१८, आणि वाकलेली एखादी पिनही वॉरंटी घालवते. त्या सॉकेटवर येणारी प्लॅस्टिकची टोपीही जपून ठेवावी, बोर्ड परत पाठवताना ती लागते. दुसरं कारण बायोसचं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० पैकी एखादा प्रोसेसर जुन्या बायोसच्या बी६५० बोर्डावर बसवला तर तो ओळखलाच जात नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतं.

पुढचं सगळं तिने केलं, मी शेजारी बसलो. नऊ खांब, नऊ स्क्रू. आधी सगळे सैल, मग मधला आवळायचा, मग कडेचे. दुसरी रॅम बी२ मध्ये, म्हणजे पहिली आणि तिसरी खाच रिकामी. मागचा आयओ पत्रा, म्हणजे पोर्टांभोवतीची चौकट, बसवताना त्याची एक स्प्रिंगची पट्टी लॅनच्या सॉकेटात घुसत होती, ती तिनेच बघून बाहेर वाकवली. प्रोसेसरच्या कूलरला हात लावला नाही, कारण बायोसमध्ये तापमान ठीक दिसत होतं आणि एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी लागते.

दोन रॅमनी पुन्हा ट्रेनिंग. मग बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं, वेग ६०००, आणि पुन्हा ट्रेनिंग. या वेळी वडील स्टुलावर हाताची घडी घालून शांत बसले होते.

राहिल्या मुंग्या. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून. अर्थिंग असलं की तिथली किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थिंग तुटलं की पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट लोंबकळत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या हाताला जाणवतो, आणि एचडीएमआय किंवा यूएसबी जोडताना तोच पोर्ट उडवू शकतो. “काका, घरी इलेक्ट्रिशियनला सॉकेट मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. तोवर हे मशीन भिंतीतल्या त्या सॉकेटला लावू नका.”

सहा वाजता पाऊस थोडा उघडला. जास्तीचे दोन खांब मी छोट्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत चिकटवले. वडिलांनी बोर्ड परत करायची ऑनलाइन विनंती माझ्यासमोरच रद्द केली.

सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला. इलेक्ट्रिशियनने भिंतीतला बोर्ड उघडला होता. अर्थची हिरवी वायर आत होती, सॉकेटपर्यंत आलेली होती, फक्त तिचं टोक स्क्रूखाली न घालता मागे दुमडून ठेवलेलं होतं.