गडांच्या वेबसाइटचं काम: शोध, अक्षरं आणि रेंज नसलेली पानं

गडांच्या नोंदींची माझी वेबसाइट आता इतकी वाढली आहे की नवं पान टाकण्यापेक्षा जुनं पान पटकन सापडणं जास्त गरजेचं झालंय. म्हणून या खेपेला एकही नवा गड साइटवर चढवला नाही, सगळा वेळ शोधपेटीला दिला. मराठीत साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे काम एकदा हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तयार मिळणारे बहुतेक शोध-प्लगइन इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. मराठीत ते नेमके कुठे अडतात, हे मराठी लिहिणाऱ्यालाच कळतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी रचना थोडक्यात सांगते. साइट स्थिर (स्टॅटिक) आहे, म्हणजे पानं आधीच बनवून ठेवलेली असतात. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात लिहायचं, ह्यूगो हा प्रोग्रॅम त्याची एचटीएमएल पानं बनवतो, डेटाबेस नाही. डोमेन स्वतःचं आहे आणि त्याबद्दल मी आग्रही आहे. २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानं देणारी सेवा बंद झाली तेव्हा हौशी लोकांनी जीव ओतून केलेल्या असंख्य पानांचे पत्ते एकदम निकामी झाले. डोमेन आपलं असलं की होस्टिंग कितीही वेळा बदला, पत्ता तोच राहतो.

पत्ते मात्र मी रोमन अक्षरांत ठेवलेत. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत देखणा दिसतो, पण कॉपी करून कुणाला पाठवला की यूटीएफ-८ मधले, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीतले, बाइट टक्क्याच्या खुणांसकट उलगडतात. एका चिन्हाची नऊ होतात. 'राजगड' हा पाच चिन्हांचा शब्द त्यामुळे पंचेचाळीस चिन्हांची माळ होऊन बसतो. व्हॉट्सॲपवर असला पत्ता उघडायला कोण धजावेल?

आता शोध. सगळ्यात जास्त वेळ 'पायऱ्या' या शब्दाने घेतला. गडांवर लिहायचं तर पायऱ्या, दऱ्या, खोऱ्यात, किनाऱ्यावर हे शब्द पावलोपावली येणारच, आणि यातला र संगणकावर दोन प्रकारे उमटतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ हे स्वतंत्र अक्षर मिळतं, युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीत क्रमांक ०९३१. त्याला हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, आणि य जोडला की 'ऱ्य' तयार. काही फोनेटिक कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं एक जोडचिन्ह, असं टाकतात. 'पायऱ्या' आणि 'पायर्‍या' असे दोन्ही शब्द पडद्यावर शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकाच्या शोधात दुसरा येत नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत, लावूनही हे जुळत नाही.

यावर इंटरनेटवर सर्रास दिसणारा उपाय म्हणजे अशी अदृश्य चिन्हं सरळ काढून टाकणे. मराठीत तो उपाय घातक आहे. जोडचिन्ह गेलं की र चा रफार होतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' बनतो. सह्याद्रीतल्या दऱ्या शोधणाऱ्याला मग सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्गाभोवतीचा समुद्र मिळणार. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं पुसायची. शोधसूची बनवताना आणि वाचक शब्द टाइप करतो तेव्हा, दोन्हीकडे हेच फंक्शन चालवायचं.

त्याच फंक्शनमध्ये ॲ चीही सोय केली. हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. ही दोन रूपंही एनएफसी एक मानत नाही.

पुढचा मुद्दा ऱ्हस्व-दीर्घाचा. 'कळसूबाई' आणि 'कळसुबाई' दोन्ही लिहिलं जातं, 'विसापूर'चंही तेच. मी पानावरचं लेखन प्रमाण ठेवते, पण शोधताना इकार-उकारांचा भेद मिटवते. शुद्धलेखन ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. वाटेची माहिती शोधणाऱ्याची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही. अनुस्वारालाही तोच न्याय दिलाय, म्हणजे 'हरिश्चन्द्रगड' टाइप केलं तरी 'हरिश्चंद्रगड' सापडतो. इथे एक काळजी घ्यावी लागते. अनुनासिकाच्या पुढे त्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर असेल तरच अनुस्वार करायचा, नाहीतर 'अन्न' आणि 'जन्म' यांचीही मोडतोड होते.

शब्द तोडण्याबद्दलही सांगायला हवं, कारण इथे बरेच जण अडतात. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, म्हणजे मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रातला, शब्दाचा नेहमीचा वर्ग फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा ओळखतो. त्याऐवजी युनिकोडचा 'अक्षर' हा गुणधर्म वापरला तरी काम अर्धंच होतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त 'खूण' या वेगळ्या गटात मोडतात. दोन्ही गट एकत्र घेतले की शब्द अखंड राहतो. विभक्तीसाठी सध्या शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणी ठेवली आहे. 'राजगड' टाकलं की राजगडावर, राजगडाच्या, राजगडाहून सगळं येतं. 'टाके' आणि 'टाक्यात' मात्र अशाने जुळत नाहीत. अशा नेहमीच्या शब्दांची सामान्यरूपं हाताने लिहून एक छोटी फाइल करते आहे. मूळ शब्द काढून देणारा सरसकट नियम मला नको, तो नको तिथेही शब्द छाटतो.

अक्षरांचं काम त्यामानाने लवकर आटपलं. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही आपली रूपं आहेत, शासनाच्या २०२२ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही त्यांचा आग्रह आहे, आणि ती आपल्या साइटवर दिसलीच पाहिजेत. त्यासाठी टिरो देवनागरी मराठी हा मुक्त फाँट घेतला. आयआयटी मुंबईचा शोभिकाही लावून पाहिला. संस्कृत उतारे भरपूर असतील त्यांनी तो जरूर बघावा. पानाच्या मूळ टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवायला विसरू नका. ज्या फाँटमध्ये हिंदी-मराठीची वेगळी रूपं आहेत, तो त्या नोंदीवरूनच रूप निवडतो. मथळ्यांचं लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची मी अक्षराच्या पावणेदोनपट ठेवली आहे, म्हणजे वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत. दुव्यांची अधोरेषाही थोडी खाली सरकवली.

सध्या सर्व्हिस वर्करवर, म्हणजे पानं फोनमध्ये साठवून रेंज नसतानाही दाखवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर, काम चालू आहे. गडाखालच्या गावापर्यंत रेंज असते, वर नसते, आणि वाटेची माहिती वरच लागते. 'सोबत न्या' असं बटण दाबलं की त्या गडाचं पान, नकाशाचं चित्र आणि फाँट फोनमध्ये साठवायचे, एवढीच कल्पना आहे. चित्रं वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात केल्यामुळे पान हलकं झालंय. फाँटमधून देवनागरी, रोमन, आकडे आणि रुपयाचं चिन्ह एवढंच ठेवून बाकी काढलं. तसं करताना अदृश्य चिन्हं (झीरो विड्थ जॉइनर आणि त्याचा जोडीदार नॉन-जॉइनर) आणि जोडाक्षरांचे नियम शाबूत राहतील हे तपासून घ्या.

त्यानंतर दोन कामं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांचं एकत्र पान करायचं आहे. साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत त्यात डोंगरी किल्ले आहेत तसे जलदुर्गही, त्यामुळे मांडणी नव्याने करावी लागेल. दुसरं काम मला अधिक तातडीचं वाटतं. प्रत्येक पानावर टाक्यातल्या पाण्याची वेगळी चौकट हवी, आणि पाणी कोणत्या महिन्यात पाहिलं ते तिच्यात ठळक दिसायला हवं. डिसेंबरात काठोकाठ भरलेलं टाकं मे महिन्यात कोरडं असू शकतं, आणि तारखेशिवाय लिहिलेल्या 'पाणी आहे' या दोन शब्दांवर विसंबून कुणी एकच बाटली घेऊन वर गेलं तर ते धोक्याचं आहे. सहा महिन्यांहून जुनी नोंद आपोआप फिकट दिसेल, असा नियम सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारी भाषा) आणि ह्यूगोच्या साच्यात बसवते आहे. सुरुवात राजगडाच्या पानापासून.