पर्चा, भाई आणि सात दिवस

पाकीट पिवळं होतं आणि त्यावर पोस्टमनने पेनाने तारीख लिहिली होती, गुरुवारची. भाईसाहेब ते घेऊन आले तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. दोन दिवस ते पाकीट त्यांच्या उशीखाली होतं. त्यांना जर्मन वाचता येत नव्हतं, आणि निर्वासितांच्या वसतिगृहात ज्याला दाखवलं त्याने "वकिलाकडे जा" एवढंच सांगितलं होतं.

मी जर्मनीत राहते. मी वकील नाही. शनिवारी एका मदत केंद्रात बसते, कारण मला हिंदी येतं, उर्दू समजतं आणि जर्मन बऱ्यापैकी येतं. कायद्याचा सल्ला मी देत नाही, लोकांची कागदपत्रं त्यांना वाचून दाखवते. त्या दिवशी पाकीट उघडलं आणि दुसऱ्याच पानावर जे दोन शब्द दिसले त्यांनी माझ्या तोंडाला कोरड पडली: आश्रयाचा अर्ज 'उघडपणे निराधार'.

हा शेरा नसता तर आम्ही सोमवारपर्यंत शांत बसू शकलो असतो. साधा नकार आला की न्यायालयात जायला दोन आठवडे मिळतात आणि खटला चालू असेपर्यंत माणसाला देशाबाहेर काढता येत नाही. शेरा असला की हातात एकच आठवडा. शिवाय नुसता खटला भरून हद्दपारी थांबत नाही. सोबत तातडीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, तोही त्याच आठवड्यात. तो वेळेत पोहोचला की त्यावर निर्णय होईपर्यंत माणसाला हात लावता येत नाही. या दोन अर्जांतला फरक कळला नाही म्हणून खटला भरून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत. आणि देश सोडायची मुदत एकदा उलटली की हद्दपारीची तारीख आधी सांगितली जात नाही. २०१५ पासून कायदाच तसा आहे. वसतिगृहात भाईसाहेबांच्या मजल्यावरचं एक कुटुंब असंच पहाटे नेलं होतं. तेव्हापासून ते रात्री बूट काढत नसत.

मुदत मोजायची ती पाकिटावरच्या तारखेपासून. पत्रावरच्या नाही, आपण उघडलं त्या दिवसापासूनही नाही. म्हणून पाकीट फेकायचं नाही. आमच्याकडे पुढच्या गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ होता.

भाईसाहेब पाकिस्तानातल्या पंजाबमधले, अहमदी, म्हणजे स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या एका पंथाचे. तिथे १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदींना बिगरमुस्लिम ठरवलं गेलं. १९८४ च्या अध्यादेशाने त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं हे सगळं गुन्हा झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद. यांच्या दुकानाच्या भिंतीवर कुराणातल्या ओळी लावलेल्या होत्या, त्यावरून कुणीतरी तक्रार केली होती. एवढं मला आधीपासून माहीत होतं. मग अर्ज 'उघडपणे निराधार' कसा?

उत्तर नकाराच्या पत्रात नव्हतं, त्याला जोडलेल्या मुलाखतीच्या नोंदीत होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं ती एकेक ओळ घेऊन बसलो. मी जर्मन वाचायची, हिंदीत सांगायची, आणि त्यांनी तसंच म्हटलं होतं का ते विचारायची. सातव्या पानावर मी वाचलं, "माझ्याविरुद्ध एक पत्रक निघालं." ते माझ्याकडे बघतच राहिले.

"बाजी, पत्रक कसलं? मी म्हटलं होतं, मेरे ख़िलाफ़ पर्चा कट गया."

मला क्षणभर काही कळलं नाही, कारण पर्चा म्हणजे मलाही कागदाचा तुकडाच वाटला असता. पण पंजाबात 'पर्चा कटना' म्हणजे पोलिसांत गुन्हा नोंदवला जाणं, एफआयआर. दुभाष्याने शब्द उचलला आणि शब्दकोशातला अर्थ ठेवून दिला. नकाराच्या पत्रात मग असं लिहून आलं की खासगी लोकांनी काढलेल्या पत्रकावरून शासनाकडून छळ होतो असं दिसत नाही. ज्या वाक्यावर सगळं उभं होतं, तेच वाक्य नाहीसं झालं होतं.

दुसरी जागा नवव्या पानावर होती. "माझ्या भावाला दुकानात घुसून मारहाण केली." पहिल्या नोंदणीच्या वेळी कुटुंबाची माहिती विचारली होती, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की दोन बहिणी आहेत, भाऊ नाही. पत्रात हीच ठळक विसंगती म्हणून मांडली होती आणि परस्परविरोधी कथन हे कारण देऊनच तो शेरा मारला होता. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. काकाचा मुलगा, लहानपणापासून एका घरात वाढलेला, दुकानात बरोबर बसणारा, त्याला आपण काय म्हणतो? जर्मनमध्ये चुलत भावासाठी निराळाच शब्द आहे आणि त्यात 'भाऊ' कुठेच येत नाही.

मी त्यांना विचारलं की मुलाखतीनंतर नोंद वाचून दाखवली होती ना, सही तुमची आहे, मग तेव्हा का नाही बोललात? हा प्रश्न पुढे वकिलानेही विचारला. उत्तर साधं आहे आणि माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट तीच आहे. नोंद वाचून दाखवतो तोच दुभाषी. त्याने 'पर्चा' चं पत्रक केलं होतं, परत उर्दूत येताना पत्रकाचा पुन्हा 'पर्चा' झाला. 'भाई' गेला आणि 'भाई' होऊन परतला. भाईसाहेबांनी स्वतःचेच शब्द ऐकले आणि सही केली. चूक फक्त जर्मन कागदावर राहिली, जिथे ती त्यांना दिसणार नव्हती.

म्हणून आता मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते: नात्याचा शब्द नुसता म्हणू नका, 'काकाचा मुलगा' असं पूर्ण सांगा. पोलिसांबद्दल बोलताना 'पोलीस' हा शब्द उच्चारा. दुभाष्याची भाषा समजत नसेल तर तिथल्या तिथे बोला आणि ते नोंदीत लिहायला लावा. नोंद हातात आली की त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

सोमवारी सकाळपासून मी चार वकिलांना फोन केले. इतक्या कमी वेळात कुणीच घ्यायला तयार नव्हतं. पण प्रशासकीय न्यायालयात पहिल्या पायरीवर वकील लागतच नाही, आणि आश्रयाच्या खटल्याला न्यायालयाचं शुल्कही नाही. न्यायालयात तोंडी अर्ज लिहून घेणारी एक खिडकी असते. दुपारी आम्ही तिथे गेलो. तिथल्या बाईंनी न कंटाळता दोन्ही अर्ज लिहून घेतले, नकाराच्या पत्राची आणि पाकिटाची प्रत जोडली, आणि शिक्का मारलेली एक प्रत भाईसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. पुढचे काही महिने ती तिथेच होती.

बुधवारी एका वकीलबाईंनी प्रकरण घेतलं. रविवारी आम्ही केलेली दुरुस्त्यांची यादी (पान, ओळ, काय म्हटलं होतं, काय लिहिलं गेलं) त्यांनी जवळजवळ तशीच कारणांमध्ये घातली. १९४९ च्या जर्मन घटनेत राजकीय छळ सोसणाऱ्यांना आश्रयाचा हक्क आहे, असं एकाच वाक्यात लिहिलं होतं. १९९३ मध्ये त्यात बदल झाला, आणि तेव्हापासून अशा शेऱ्याच्या प्रकरणात हद्दपारी थांबवायची तर निर्णय कायदेशीर आहे का याबद्दल गंभीर शंका दाखवावी लागते. आमची गंभीर शंका म्हणजे 'पर्चा' आणि 'भाई' हे दोन शब्द. त्याच्या आधाराला १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३ होतं: ज्याचं आयुष्य किंवा स्वातंत्र्य धर्म, वंश, मतं अशा कारणांनी धोक्यात येईल, त्याला त्या जागी परत ढकलायचं नाही. त्याचा दावा नीट ऐकून होण्याआधीच ढकललं, तर हे कलम असून नसल्यासारखं होतं.

तीन आठवड्यांनी आदेश आला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत हद्दपारी थांबवली होती. कारण एका परिच्छेदाचं होतं: भाषांतरातल्या चुकीची शक्यता उघड दिसते, ती तपासल्याशिवाय कथन विसंगत म्हणता येत नाही. मी ते फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मुख्य सुनावणीला चौदा महिने लागले. या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वाट पाहणं होतं. त्यांच्या चुलत भावाने एफआयआरची प्रत पाठवली, स्थानिक अहमदी जमातीने सदस्यत्वाचं पत्र दिलं. वकीलबाई म्हणाल्या, कागद चांगले आहेत, पण न्यायाधीश माणसाचं ऐकून ठरवतात.

सुनावणीत दुभाषी दुसरे होते. पहिल्या अर्ध्या तासातच 'पर्चा' आला. ते थांबले आणि न्यायाधीशांना म्हणाले की या शब्दाचा साधा अर्थ कागद असा आहे, पण यांच्या भागात पोलिसांतल्या नोंदीला असं म्हणतात. न्यायाधीशांनी मान हलवली आणि ते लिहून घ्यायला सांगितलं. मग त्यांनी बराच वेळ एकच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी विचारली: धर्म चारचौघांत पाळणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? हा प्रश्न कुठून येतो ते वकीलबाईंनी आधी सांगितलं होतं. ५ सप्टेंबर २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने, जर्मनीत आश्रय मागणाऱ्या दोन पाकिस्तानी अहमदींच्याच प्रकरणात, असं ठरवलं की परत जा आणि धर्म लपवून रहा म्हणजे धोका नाही, असं कुणाला सांगता येत नाही.

भाईसाहेबांनी पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "इथे मी शुक्रवारी मशिदीत जातो तेव्हा दार उघडं असतं. तिथे नमाजाच्या वेळी एक जण दाराशी उभा राहायचा. बहुतेक वेळा तो मीच असायचो."

निकाल लेखी आला. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, नकार देणाऱ्या कार्यालयाने अपील केलं नाही, तीन वर्षांचा परवाना मिळाला. त्यांची बायको आणि दोन मुली अजून तिकडेच आहेत. मान्यता कायम झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कुटुंबासाठी अर्ज केला, तर कमाई आणि घर यांचे पुरावे मागितले जात नाहीत. त्यातले अकरा दिवस गेलेत. काल संध्याकाळी आम्ही फॉर्म भरायला बसलो. धाकटीच्या नावात पासपोर्टवर एक अक्षर जास्तीचं पडलंय. भाईसाहेब ते बरोबर करायला निघाले होते, मी म्हटलं, नको, पासपोर्टवर आहे तसंच लिहूया आणि खाली वेगळी ओळ जोडूया. मग आम्ही थोरलीचं नावही पुन्हा एकदा, एकेक अक्षर बोट ठेवून, ताडून पाहिलं.