तुम्ही विचारलंत म्हणून : ऑक्सिजन का लावत नाही?

"एवढी धाप लागलीय, दिसतंय ना? मग ऑक्सिजन का लावत नाही?" शेवटचे आठवडे घरी काढणाऱ्या माणसाच्या उशाशी हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा राग मला पटतो. 'यांनी आशा सोडली म्हणून नळी लावत नाहीत' हा त्यामागचा समज मात्र पटत नाही.

धाप लागणं वेगळं आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडणं वेगळं. छातीत पाणी झालं, श्वासाचे स्नायू थकले, रक्त कमी झालं, जीव घाबरला, तरी धाप लागते आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९४ दाखवत असतो. तिथे नळी काय भरून काढणार? आकडा ८८ च्या खाली गेला तर गोष्ट निराळी. तिथे ऑक्सिजनला मी अडवत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. एमी ॲबरनेथी या डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ रुग्ण. धाप सगळ्यांना, पण रक्तातला ऑक्सिजन फार उतरलेला नाही. सगळ्यांना यंत्र आणि नाकात नळी, मिनिटाला २ लिटर, दिवसाचे किमान १५ तास, सात दिवस. काहींच्या नळीतून ऑक्सिजन, काहींच्या नळीतून साधी हवा. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाने धापेला ० ते १० पैकी आकडा द्यायचा. सकाळची धाप ऑक्सिजनवाल्यांची सरासरी ०.९ ने उतरली, हवावाल्यांची ०.७ ने. संध्याकाळची ऑक्सिजनवाल्यांची ०.३ ने, हवावाल्यांची ०.५ ने. फरक म्हणावा असा फरक नाहीच.

"म्हणजे जाणाऱ्या माणसाला सात दिवस नुसती हवा दिली?" हो, दिली. त्यांच्या संमतीने, आणि कोणाच्या वाट्याला काय येईल हे आधी ठाऊक नसणार, हे सांगून. ते मलाही टोचतं. हाताशी थोडाच वेळ उरलेला असताना त्यातला एक आठवडा त्यांनी या प्रश्नासाठी दिला, म्हणून आज मला तुमच्यापुढे अंदाजावर बोलावं लागत नाही. पण या अभ्यासात नळीच न लावलेला गट नव्हता. त्यामुळे दोन्हीकडे पडलेला थोडासा उतार नाकावरच्या वाऱ्याचा, रोजच्या विचारपुशीचा, की आपोआप आलेला, हे त्यातून कळत नाही.

"लावू द्या की, बिघडतंय काय," असं मीच म्हणायचे. बिघडतं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर मावतो. २ लिटरच्या वेगाने तो साडेबारा तासांत रिकामा. दुपारी तीनला लावलेला पहाटे साडेतीनला संपतो, आणि घर दुसऱ्याच्या शोधात धावतं. नाक कोरडं पडून रक्त येतं, कानामागे नळी रुतून जखम होते. उशाशी लावलेली समई, उदबत्ती तिथून हलवावी लागते, कारण ऑक्सिजनजवळ ठिणगी भडकते.

त्याआधी पंखा. २०१० सालच्याच एका छोट्या अभ्यासात, ५० जणांत, हातातला लहान पंखा पाच मिनिटं चेहऱ्यावर धरल्यावर धाप उतरली, पायावर धरल्यावर तितकी नाही. वीतभर अंतरावरून झोत नाकावर आणि वरच्या ओठावर यायला हवा. छताच्या पंख्याने ते होत नाही. पुढ्यात टेबल ठेवून त्यावर उशी, उशीवर हात, माणूस किंचित पुढे वाकलेला. खिडकी उघडी. खाटेभोवतीची माणसं बाहेरच्या खोलीत.

आणि मॉर्फिन, म्हणजे अफूपासून काढलेलं वेदनाशामक? २००३ सालच्या एका चाचणीत कमी मात्रेने धाप उतरली, तेव्हापासून हा विषय संपला असं मी धरून चालले होते. २०२२ मध्ये सीओपीडीच्या, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या, १५६ रुग्णांवरच्या चाचणीत आठवड्याभराने फरक दिसला नाही. कॅन्सरच्या रुग्णाला मी आजही ते सुचवते, पण पूर्वीइतक्या ठामपणे नाही.

एवढं सांगूनही घरचे म्हणाले "लावाच", तर लावते. तीन दिवस. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा, हलला नाही तर नळी काढायची, असं ठरवून. चौथ्या दिवशी वही कोणी उघडत नाही. नळी काढणं म्हणजे हात सोडणं वाटतं, आणि त्या वाटण्यापुढे ०.९ आणि ०.७ चा हिशेब मला मांडता येत नाही.