दंड भरला की सुटलो!

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या आसपास उन्हाळ्यात रस्त्याकडेला फुलांची शेतं लागतात. मालकाचा पत्ता नसतो. दोरीला बांधलेली सुरी, फळ्यावर भाव, पैसे टाकायला पेटी. आपणच फुलं कापायची, मोजायची, पैसे टाकायचे. नागपूरहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "अन् नाही टाकले तं?" काही होत नाही. तरी बहुतेक जण टाकतात. (पेटी मात्र लोखंडी, कुलूपबंद आणि जमिनीत गाडलेली. विश्वासालाही हद्द असते.)

तसंच बाटल्यांचं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत भरावी लागते, बाटली परत केली की मिळते. ती परत करायचा कंटाळा आला तर बरेच लोक बाटली कचरापेटीत न टाकता शेजारी उभी करून जातात, म्हणजे बाटल्या गोळा करणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. नियम केला कचऱ्यासाठी, दानाची रीत आपसूक पडली. कोणी दिलं, कोणाला मिळालं, कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडे दान नावानिशी. रामनवमीच्या शोभायात्रेत सरबताच्या स्टॉलवर बॅनर, गणपतीच्या वर्गणीची पावती, पाणपोईवर 'यांच्या स्मरणार्थ'. इथले काही मराठी मित्र याला दिखावा म्हणतात. मला नाही पटत. शेजाऱ्याचं नाव फलकावर दिसलं की आपलाही हात खिशात जातो, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पाणी पिणारा काही नाव वाचत बसत नाही.

बिघडतं ते किंमत लावल्यावर. नागपुरात दादाच्या मनीषनगरच्या सोसायटीत रविवारी श्रमदान असायचं. गैरहजर घराला शंभर रुपये दंड लावला, तर येणारेही यायचे थांबले. "पैसे भरले नं, मंग कायले येऊ?" पूर्वी न येणाऱ्याला लिफ्टमध्ये नजर चुकवावी लागायची, आता शंभर रुपयांत तीही सुटका.

इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत नेमकं हेच झालं होतं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला आणि उशीर करणारे वाढून जवळपास दुप्पट झाले. ग्नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली ते छापलं.

दादा म्हणाला, "मंग दंड काढून टाकतो."

हैफात दंड काढल्यावरही उशीर कमी झाला नव्हता, ते सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला.

"तर्री-पोहे ठेवून पाहू का?"