तिसरा टर्बो

गॅरेजच्या फळीवर एक काचेची बाटली ठेवली आहे. तिच्यात हरभऱ्याएवढा करड्या सिलिकॉनचा, म्हणजे सांधे बुजवायच्या रबरी लुकणाचा, गोळा आहे, काजळीने अर्धा काळा झालेला. पोरं दोनदा फेकायला निघाली होती, मी फेकू दिला नाही. तो कुणाच्या हातचा, हे मला अजून कळलेलं नाही.

माझं गॅरेज आळेफाट्याजवळ आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दारात उभ्या असतात त्या बहुतेक पिकअपच. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा, माळशेज उतरून वाशीला टाकायचा. लोकांना वाटतं टोमॅटोच्या ओझ्याने इंजिनं जातात. पण टोमॅटो भरलेली गाडी घाट उतरते. इंजिन मरतं ते परतीच्या भाड्याने. भिवंडी-कल्याणहून फरशा नाहीतर सिमेंटचे पत्रे भरायचे आणि तोच घाट चढायचा, दीड टनाच्या गाडीत अडीच टन घेऊन. वर आलं की चहाच्या टपऱ्या. गाडी बाजूला घेतली रे घेतली की ड्रायव्हर आधी चावी बंद करतो.

त्या चावीचं सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. टर्बो म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाड दांड्यावरची दोन चाकं. एक धुराच्या जोरावर फिरतं, दुसरं हवा दाबून इंजिनात भरतं. चढावर हा दांडा मिनिटाला दीड लाखाच्या पुढे फेरे मारतो. तो धातूला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याच्या एका अंगाला सातशे अंशांच्या वर तापलेला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. चावी बंद केली की ऑइलचा पंप थांबतो, पण चाक लगेच थांबत नाही आणि टर्बोच्या तापलेल्या घराची आच बेरिंगात शिरते. तिथे राहिलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. रोज थोडा थोडा. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवलं तर यातलं काही होत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दहातला एक ऐकतो.

ओतूरकडच्या एका पिकअपवाल्या पोराने ऐकलं नव्हतं. गाडी २०१८ ची, बीएस-४. पहिला टर्बो जुलै २०२३ मध्ये गेला. तो जुलै आमच्याकडे कुणी विसरणार नाही. नारायणगावात टोमॅटोच्या २० किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव लागला होता. गाडी एक दिवस उभी राहणं म्हणजे घरातून नोटा वाहून जाणं. रात्री आठला तो आला, पहाटेचं भाडं ठरलेलं. टर्बो मी गावातूनच मिळवला, बसवला, ऑइल-फिल्टर बदलला, वर ऑइल नेणारा पाइप साफ केला. रात्री दीडला गाडी बाहेर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो टर्बो कल्याणजवळ गेला. रस्त्यातच बंद पडल्यामुळे त्याने तिथल्याच एका गॅरेजात तिसरा बसवून घेतला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, तो माझ्याकडे आला. गाडीमागे निळा धूर.

“मिस्त्री, मला टर्बोची गाडीच नको आता. विकून टाकतो.”

मी म्हणालो, बस, चालू कर, जरा रेस दे, धूर बघू दे. ही चूक माझी. धूर निळा आहे म्हणजे ऑइल जळतंय, हे आत येतानाच दिसलं होतं. रेस देऊन बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

त्याने पाय दाबला. इंजिन चढलं. मी हात वर केला, सोड म्हणालो.

“सोडलाय!” तो ओरडला.

इंजिन उतरेना. त्याने चावी काढली, हातात धरून मला दाखवली, आणि इंजिन अजून चढतच होतं. डिझेल बंद झालं होतं, ते आता स्वतःचंच ऑइल पीत होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या गरम हवेत जळण्यासारखं काही पडलं की ते जळतं, मग ते पंपातून येवो की टर्बोतून. वीस वर्षांत मी हे दोनदा ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. अंगणात हात दिसेना इतका धूर. “पाचवा गिअर टाक, ब्रेक दाब, क्लच सोड,” मी ओरडलो, पण तो कधीच उडी मारून बाहेर पडला होता. त्याला मी दोष देत नाही. तो आवाज ऐकून कुणीही पळेल.

मी हवा फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या, फिल्टर उपटला, आणि जॅकखाली ठेवायची फळी इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडावर दाबून धरली. हात चुकूनही तिथे घालायचा नसतो, ओढ एवढी असते. रबरी पाइप चपटा झाला, गाडी दोन-तीनदा हादरली आणि बंद पडली. सगळं मिळून मिनिटभर झालं असेल. माझे गुडघे नंतर अर्धा तास थरथरत होते.

अण्णा, माझे वडील, दुपारपर्यंत काही बोलले नाहीत. त्यांनी आयुष्य मॅटाडोरवर काढलं. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं २.४ लिटरचं इंजिन होतं, टर्बो नाही, मिळेल तेवढ्या हवेवर चालणारं. शेवटी म्हणाले, “फुगवलेलं इंजिन. बेडकासारखं फुटणारच.” असं म्हणणारे ते एकटे नाहीत. फाट्यावर दहा ड्रायव्हर जमले की त्यातले आठ हेच म्हणतात.

मला हे मान्य नाही, आणि त्या दिवशीही नव्हतं. याच मॉडेलची एक गाडी माझ्याकडे येते, दुधाच्या संकलनाची. चार लाख किलोमीटर झाले, टर्बो कंपनीतून आलेला तोच आहे. तिचा मालक दर आठ हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, डब्यावरचा ग्रेड वाचून घेतो, आणि संकलन केंद्रावर पोचल्यावर गाडी चालू ठेवून कॅन उतरवायला लागतो. एवढंच करतो तो. टर्बो नाजूक असता तर ही गाडी चालली नसती. टर्बो मरतो तेव्हा कारण बहुतेक वेळा त्याच्या बाहेर असतं, आणि आमच्या धंद्यातले निम्मे लोक ते शोधत नाहीत. धूर दिसला, टर्बो बदला, बिल करा. मोठी सर्व्हिस सेंटरंही याला अपवाद नाहीत, त्यांचं बिल फक्त छापील असतं.

संध्याकाळी टर्बो खाली काढला. दांडा बोटांत धरून मागे-पुढे ओढला. काही नाही. बाजूला हलवला, तर ऑइलच्या जागेपुरता किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा. चाकाच्या पात्यांवर ओरखडा नाही. तिसरा टर्बो ठणठणीत होता. म्हणजे दुसराही कदाचित ठणठणीत असेल, पण तो केव्हाच भंगारात गेला.

मग इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी, काढून उलटा केला. लिटरभराहून जास्त ऑइल निघालं, काळं, घट्ट. माझा संताप झाला तो इथे. कल्याणच्या मिस्त्रीने टर्बो बदलला आणि इंटरकूलर रिकामा केला नाही. नवा टर्बो आणि मागे ऑइलचं तळं. त्यात पाच आठवडे भर पडत राहिली, आणि रेस वाढल्यावर इंजिनाने ते एकदम ओढलं. अर्ध्या तासाचं काम. एखादा माणूस घाटात, मागे ट्रक असताना यात सापडला असता तर?

पण इंटरकूलरमध्ये ऑइल आलं कुठून? टर्बो चांगला असेल तर तो गळतो का? ऑइल टाकायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनवरून खाली निसटणाऱ्या धुराचा जोर, बघितलं होतं, गाडीच्या वयाच्या मानाने ठीक होतं. तो धूर बाहेर सोडणारी नळी, ब्रीदर, मोकळी. वरचा पाइप भांड्यात धरून स्टार्टर फिरवला, धार चांगली. राहिला खाली येणारा, रिटर्न पाइप.

टर्बोला ऑइल नेणारा पाइप करंगळीहून बारीक असतो आणि ऑइल परत आणणारा अंगठ्याएवढा. नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी विचारतो, का? आत जाणाऱ्या ऑइलमागे पंपाचा जोर असतो. बाहेर पडताना त्याला कुणी ढकलत नाही, ते फेसाळलेलं, नुसत्या उताराने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पडतं. म्हणून वाट रुंद आणि सरळ हवी. ती अडली की ऑइल टर्बोच्या घरात तुंबतं, आणि दोन्हीकडच्या सीलवरून बाहेर पडतं, एकीकडे सायलेन्सरात, दुसरीकडे इंटरकूलरात. त्या सील म्हणजे पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक रिंगा. घर तुंबलं तर त्या ऑइल अडवू शकत नाहीत, त्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत.

रिटर्न पाइपच्या वळणात तो गोळा होता. त्याच्याभोवती कोळसा धरून वाट पेन्सिलीएवढी उरलेली.

तिथे पातळ पॅकिंग लावतात, सिलिकॉन नाही. सिलिकॉन लावलं की बोल्ट आवळताना त्याची कड आत दबते, लोंबते, कधीतरी तुटून खाली जाते. हे मला माहीत आहे. मी पोरांना शिकवतो.

आणि मग मला जुलैची ती रात्र आठवायला लागली. टर्बोसोबत पॅकिंगचा सेट आला होता का? वरच्या पाइपचे वॉशर आले होते, ते नक्की आठवतं, कारण एक खाली पडला आणि टॉर्च घेऊन शोधला. खालचं पॅकिंग आठवत नाही. दुकानं बंद झाली होती. करड्या सिलिकॉनची ट्यूब माझ्या खणात कायम असते. ती कल्याणच्या गॅरेजातही असेल, सगळ्यांकडे तीच असते. मी रोजवही काढली. त्या तारखेला लिहिलंय : टर्बो बदली, ऑइल, फिल्टर, मजुरी. पॅकिंगबद्दल एक अक्षर नाही. कुठलंही पान काढलं तरी पॅकिंगबद्दल कधीच काही लिहिलेलं नसतं, इतकी ती मामुली गोष्ट. आता लिहितो.

कोळशाचा थर बघता गोळा पाच आठवड्यांपेक्षा जुना वाटतो. पण जळक्या ऑइलमध्ये थर किती दिवसांत चढतो हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कल्याणवाल्याने स्वतःचं सिलिकॉन लावलं असेल, आणि आधीच तुंबलेल्या पाइपात ते लवकर माखलं असेल, असंही होऊ शकतं. रात्री झोपताना मी हीच बाजू धरतो. सकाळी ती तितकीशी खरी वाटत नाही.

चेंबर उघडला, कारण त्या मिनिटात इंजिनाने स्वतःचंच ऑइल जाळलं होतं. पिस्टनचा दांडा क्रँकवर फिरतो तिथली दोन बिग एंड बेरिंगं झिजून तांबं दिसायला लागलेलं. सगळा संच बदलला. इंटरकूलर आणि पाइप डिझेलने तीनदा धुतले, उन्हात वाळवले. रिटर्न पाइप नवा, पॅकिंग नवं. टर्बो तोच बसवला. तो पोरगा म्हणत होता चौथा टाकूया, जोखीम नको. मी नाही म्हणालो. सामानाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. त्याला वाटलं ओळखीचा म्हणून सोडली.

पाच हजार किलोमीटरनंतर त्याला बोलावून घेतलं, त्याच्यासमोर रिटर्न पाइप सोडला. स्वच्छ. इंटरकूलरच्या पाइपात बोट फिरवलं, नुसता ओशटपणा, तो चालतो. तो खूश झाला. टपरीवर आता गाडी दोन मिनिटं चालू ठेवतो म्हणाला. मग सहज विचारलं, “मिस्त्री, मग आधीच्याला झालं काय होतं?”

मी बाटली काढून दाखवली. हे पाइपात होतं म्हणालो. हे कल्याणचं असेल, नाहीतर माझं असेल, मला सांगता येत नाही.

त्याने बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. खाली ठेवली. अण्णांनी चहा मागवला होता तो न घेता गेला. तिसऱ्या टर्बोचे त्याने कल्याणला पंचवीस हजार मोजले होते. तो विषय त्याने काढला नाही. मीही अजून काढलेला नाही.