जुन्या अल्टरनेटरचं वेल्डिंग मशीन पिकअपवर बसवताना

गाळप सुरू झालं की सोलापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीचा हूक किंवा कमानीचं ब्रॅकेट तुटतं ते नेमकं जिथे लाईट नाही तिथे. मोहोळकडचं शेत असो की मंगळवेढ्याचं माळरान, थ्री फेज पाळीने येते आणि तुटलेली ट्रॉली पाळी बघून थांबत नाही. म्हणून माझ्या जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनवर दुसरा अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बसवला आणि त्याचंच वेल्डिंग मशीन केलं. त्यात काय जोडलं, काय जळालं आणि का जळालं ते आकड्यांसकट लिहितो.

गाडीच्या मूळ अल्टरनेटरला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून टाका. एकाच अल्टरनेटरवर स्विच लावून चार्जिंग आणि वेल्डिंग दोन्ही करता येतं, पण स्विच एकदा जरी चुकीच्या बाजूला राहिला तरी ६०-७० व्होल्ट सरळ बॅटरीवर आणि वायरिंगवर जातात. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत तर हा विचारही नको. माझी पिकअप बिनएसीची आहे. कॉम्प्रेसरची जागा रिकामी होती, तिथेच दुसरा अल्टरनेटर बसला.

भंगारातून घेताना १२ व्होल्ट, ९० अँपिअरचा घेतला. दुकानातच मल्टीमीटर लावून तीन गोष्टी पाहिल्या. फील्डला, म्हणजे आतल्या फिरत्या कॉइलला, करंट पोचवणाऱ्या दोन स्लिप रिंगच्या मध्ये ३ ते ४ ओहम हवेत. रिंग आणि शाफ्ट यांच्यात काहीच दिसता कामा नये. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर कॉइलच्या, तारांचा बॉडीशी संबंध नको. शेवटची तपासणी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे सिरीज बल्बवर पुन्हा करून घेतली, कारण मल्टीमीटरला न दिसणारी गळती बल्ब दाखवतो. ट्रक-बसचा २४ व्होल्टचा अल्टरनेटर कमी फेऱ्यांत जास्त व्होल्टेज देतो हे खरं, पण त्याच्या करंटचा आकडा वाचूनच घ्यावा. ५५ अँपिअरवर बारा नंबर (अडीच मिलिमीटरचा) रॉड धड चालत नाही.

स्टेटर डेल्टा जोडाचा (तीन कॉइल त्रिकोणात) निघाला तर तो स्टार (तिन्हींचं एक टोक एकत्र) करून घेण्याचा मोह होतो. व्होल्टेज १.७३ पट वाढतं, पण करंट तेवढ्याच पटीने उतरतो आणि ९० चा अल्टरनेटर ५२ वर येतो. त्यापेक्षा फेऱ्या वाढवलेल्या बऱ्या.

आता मुख्य मुद्दा. अल्टरनेटर स्वभावानेच वेल्डिंगला योग्य आहे. रॉड पेटवायला मोकळं (आर्क नसतानाचं) व्होल्टेज ६० च्या वर लागतं, आर्क पेटल्यावर ते २२-२५ वर येतं, आणि रॉड चिकटला तरी करंट बेफाम वाढता कामा नये. अल्टरनेटरमध्ये फेऱ्या वाढल्या की व्होल्टेज वाढतं, पण त्याचबरोबर स्टेटरच्या कॉइलचा अडथळाही वाढतो. म्हणून रॉड चिकटून पूर्ण शॉर्ट झाला तरी करंट ९०-१०० च्या आसपासच थांबतो. ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये जे मुद्दाम घडवावं लागतं ते इथे आपोआप मिळतं. फक्त आतला रेग्युलेटर काढायचा, कारण तो व्होल्टेज १४ च्या वर जाऊच देत नाही.

रेग्युलेटर काढला, पण आतला रेक्टिफायर (एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या डायोडची, एसीचं डीसी करणारी प्लेट) तसाच ठेवला, ही माझी चूक. फील्डला पूर्ण १२ व्होल्ट दिले, रेस वाढवली, मीटर पंचविशीच्या अलीकडेच अडकला आणि थोड्या वेळात जळका वास आला. बऱ्याच अल्टरनेटरमधले डायोड अॅव्हलांच जातीचे असतात. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला झटका बसू नये म्हणून ते वीस-पंचवीस व्होल्टच्या वर उलट दिशेनेही वाहू लागतात आणि सगळी ताकद स्वतःच्या अंगावर घेऊन जळतात. तेव्हा रेक्टिफायरची पूर्ण प्लेट बाहेर काढा. स्टेटरच्या तीन तारा १६ चौरस मिलिमीटरच्या केबलने बाहेर आणा आणि १५० अँपिअर, १६०० व्होल्टच्या थ्री फेज ब्रिज मॉड्यूलला, म्हणजे बाहेरच्या मोठ्या रेक्टिफायरला, जोडा. ९० अँपिअरवर या मॉड्यूलमध्ये १८० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. त्याला पात्या असलेली जाड अॅल्युमिनियमची हीटसिंक, मधे थर्मल पेस्ट आणि वर १२ व्होल्टचा एक पंखा द्यावाच लागतो.

रेक्टिफायर बाहेर गेल्याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे स्टेटर बॉडीपासून पूर्ण सुटा होतो. वेल्डिंगचा प्लस आणि मायनस दोन्ही गाडीच्या चासीपासून वेगळे राहतात. बसवून झाल्यावर दोन्ही टर्मिनल आणि चासी यांच्यात मीटर लावून पाहा. कुठेही जोड दिसला तर तो सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका.

फील्डच्या दोन्ही ब्रशच्या (स्लिप रिंगवर घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) तारा वेगळ्या बाहेर काढल्या. बॅटरी, १० अँपिअरचा फ्यूज, रिले, ऱ्हिओस्टॅट (फील्डचा करंट कमीजास्त करणारा) आणि मग ब्रश, असा क्रम. फील्डच्या दोन टोकांवर ६ अँपिअरचा डायोड उलटा लावला, नाहीतर स्विच बंद करताना कॉइलचा झटका रिलेचे पॉइंट खातो. हा डायोड सुलटा लागला तर स्विच दाबताच फ्यूज उडतो, म्हणून पट्टी असलेलं टोक प्लसकडे हे दोनदा बघावं.

ऱ्हिओस्टॅटवर थोडं थांबतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. १० ओहम, ५० वॉटचा ऱ्हिओस्टॅट दुकानात सहज मिळतो आणि पुरेल असं वाटतं. पण ५० वॉट हे पूर्ण दहा ओहमच्या वेटोळ्यांसाठी आहेत, म्हणजे त्याची तार सव्वादोन अँपिअरचीच. फील्ड ३.५ ओहमची असेल तर पूर्ण उघडल्यावर ३.६ अँपिअर ओढते, आणि तो सगळा करंट सुरुवातीच्या दोन-चार वेढ्यांतून जातो. नेमके तेच वेढे आधी लाल होतात आणि तुटतात. १०० वॉटचाही ३.१६ अँपिअरवर अपुरा पडतो. १० ओहम, १५० वॉटचा घ्या आणि हाताला लागणार नाही अशा जाळीच्या डब्यात बसवा.

आता ताकदीचा हिशोब. २५ व्होल्ट गुणिले ९० अँपिअर म्हणजे २२५० वॉट. अल्टरनेटर निम्मी ताकद उष्णतेत घालवतो, म्हणजे शाफ्टवर साडेचार किलोवॉट, सहा एचपी हवेत. एक बेल्ट हे ओढत नाही. आर्क पेटताच तो किंचाळतो, आणि दोन-तीनदा किंचाळला की आतून काचेसारखा गुळगुळीत होतो. मग कितीही ताणला तरी घसरतो. लेथवाल्याकडून दोन खाचांच्या पुल्या करून घेतल्या, क्रँकवर १६५ आणि अल्टरनेटरवर ६० मिलिमीटर. साठची पुली लहान आहे, म्हणून आतून दात असलेले कॉग बेल्ट वापरले. साधा बेल्ट एवढ्या वळणावर तडकतो. दोन्ही बेल्ट एकाच लांबीचे, एकाच वेळी घ्यावेत.

इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांवर धरलं की अल्टरनेटर ६००० च्या वर फिरतो. टॅकोमीटरने मोजून घ्या, कानावर भरवसा नको. माझ्याकडे १२०० फेऱ्यांना पूर्ण फील्डवर १४ व्होल्ट आले होते. त्याच प्रमाणात ६००० ला ७० आले. रेस धरायला अॅक्सिलरेटरवर ट्रॅक्टरसारखी हँड थ्रॉटलची केबल बसवली. पंख्याची पाती कोणत्या दिशेला हवा ओढतात तेही बघा. अल्टरनेटर उलट्या तोंडाने बसवला तर तो फिरेल, पण थंड होणार नाही.

बाहेरची केबल तांब्याची, २५ चौरस मिलिमीटर, जाऊन-येऊन २० मीटर. ९० अँपिअरवर तिच्यात सव्वा व्होल्ट पडतं, तेवढं चालतं. केबलच्या टोकाची धातूची टोपी, म्हणजे लग, दाबूनच बसवा. हातोडीने चेपलेला लग पहिल्याच दिवशी तापून काळा पडतो.

६०१३ जातीचा बारा नंबर, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ७०-८० अँपिअरवर छान चालतो. दहा नंबर, म्हणजे त्याहून जाड, जेमतेम. अल्टरनेटरचे १२ पोल असतील तर ६००० फेऱ्यांना ६०० हर्ट्झ तयार होतात आणि ब्रिजनंतर सेकंदाला ३६०० लहरी, म्हणून लहरी सपाट करणाऱ्या चोकशिवायही आर्क गुळगुळीत लागतो. साध्या मशीनचा तडतड आवाज नाही, एकसारखी सूं ऐकू येते. खपली पडली की खाली बारीक, सारखे पदर दिसतात. रॉड प्लसला लावला तर झाळ खोल जाते. पातळ पत्र्याला रॉड मायनसवर घ्यावा. कोपऱ्यात आर्क एका बाजूला ओढला जात असेल तर क्लॅम्पची जागा बदला. क्लॅम्प नेहमी जोडाजवळच लावायचा. लांब लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात.

एक रॉड जळायला मिनिटभर लागतो. त्यानंतर फील्ड बंद करून दोन मिनिटं इंजिन रेसवरच फिरू द्यावं, म्हणजे पंखा स्टेटर थंड करतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३ ला गेला की ही विश्रांती तीन मिनिटांची करतो. तापमापक बंदुकीवर बॉडी ११० अंश दाखवू लागली की काम थांबवतो. वार्निशचा गोडसर वास येईपर्यंत वाट पाहिली तर स्टेटर गेलाच समजा.

७० व्होल्ट डीसी कोरड्या हाताला फारसं जाणवत नाही, घामाने भिजलेल्या हाताला ते धोक्याचं आहे. रॉड बदलताना फील्ड बंद, हातात कोरडे चामड्याचे मोजे, पायाखाली फळी. उसाच्या ट्रॉलीखाली पाचट असतं. ते निदान पस्तीस फूट लांब सारायचं, जमीन भिजवायची आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन हाताशी ठेवायचा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं, कारण पाचटात पडलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते.

देखभालीत सगळ्यात जास्त त्रास धुळीचा. कच्च्या रस्त्यावरची बारीक माती ब्रशच्या खोबणीत बसते, ब्रश अडकतो आणि व्होल्टेज वरखाली नाचू लागतं. दर महिन्याला ब्रश काढून पुसतो आणि स्लिप रिंगवर बारीक पॉलिश पेपर फिरवतो. ब्रशची लांबी ५ मिलिमीटरच्या खाली गेली की नवीन जोडी टाकतो.