लुईसची बॉनफायर नाइट: जायचं असेल तर आधी हे वाचा

५ नोव्हेंबरला इंग्लंडात गावोगावी फटाके असतात. काउन्सिलच्या मैदानावर अर्धा तास आतषबाजी, गाडीवरचा बर्गर, मुलांच्या हातात फुलबाज्या, नऊला सगळे घरी. ससेक्समधल्या लुईसचं प्रकरण मात्र वेगळंच आहे, आणि ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचं घर तिथे हाय स्ट्रीटपासून जवळच असल्यामुळे आम्हाला राहायचंच आमंत्रण मिळालं, नाहीतर मी कोणाला लेकराला घेऊन तिथे जा असं सांगितलं नसतं.

मूळ गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १६०५ साली काही कॅथलिकांनी पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं भरून प्रोटेस्टंट राजा जेम्सला उडवायचा घाट घातला, त्यांच्यातला गाय फॉक्स पिंपांपाशीच सापडला. मग हा दिवस साजरा करायचा असा कायदाच झाला, तो थेट १८५९ मध्ये रद्द झाला. पण लुईसकरांचा राग त्याहून जुना आहे. कॅथलिक राणी मेरीच्या काळात, १५५५ ते १५५७ मध्ये, तिथे १७ प्रोटेस्टंट माणसांना जिवंत जाळलं, त्यातली दहा तर एकाच दिवशी, आत्ताच्या टाउन हॉलसमोर. म्हणून मिरवणुकीत १७ जळते क्रॉस निघतात.

व्यवस्था सगळी गावातल्या बॉनफायर सोसायट्यांची, आपल्या गणेश मंडळांसारखीच. वर्गणी, वर्षभर तयारी, एकमेकांशी चुरस, सगळं तसंच. सोसायट्या सात, त्यातली नेविल ही मुलांसाठीची, ती आपली मिरवणूक आधीच उरकते, बाकीच्या सहा पाच तारखेला रस्त्यावर. प्रत्येकीचे पट्ट्यापट्ट्यांचे जर्सी, क्लिफ सोसायटीवाले काळे-पांढरे, बरो सोसायटीवाले निळे-पांढरे. क्लिफवाले बाकीच्यांच्या एकत्र मिरवणुकीत येत नाहीत, त्यांचं आपलं वेगळं. 'नो पोपरी'चा (म्हणजे पोपचं, कॅथलिकांचं वर्चस्व नको) बॅनरही त्यांचाच. तो बघून मला जरा कसंतरीच झालं. बरोवाले आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या वेशासाठी चेहरे काळे रंगवायचे, २०१७ मध्ये बरीच टीका झाल्यावर ते बंद केलं, बरंच झालं म्हणायचं.

रस्त्यावर उभं राहिल्यावर काय होतं ते सांगते. लाकडाला गोणपाट गुंडाळून रॉकेलात बुडवलेल्या शेकडो मशाली हातभर अंतरावरून जातात, गालाला झळ लागते, विझत आलेली मशाल खाली टाकली की मागून येणारी माणसं ती लोखंडी गाड्यात भरतात. मधेच पेटलेली डांबराची पिंपं ओढत धावत नेतात. पायाशी सुतळी बॉम्बला लाजवतील असे बार. वॉर मेमोरियलपाशी मात्र सगळं थांबतं, पुष्पचक्र वाहतात, बिगुल वाजतो, आणि संपल्या संपल्या परत धडाम. मग प्रत्येक सोसायटी आपापल्या मैदानावर जाते, तिथे मोठी होळी पेटते आणि त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्या राजकारण्याचा भलामोठा पुतळा फटाके भरून उडवतात. १६०५ चा पोप पाचवा पॉल दरवर्षी असतोच.

आता कामाचं. गेली काही वर्षं पाच तारखेला साधारण संध्याकाळी पाचपासून लुईसला ट्रेन थांबत नाहीत, आजूबाजूच्या छोट्या स्टेशनांवरही नाहीत, रस्ते बंद, पार्किंग विसरा. बाहेरच्यांनी येऊ नका असं काउन्सिल आणि पोलीस उघड सांगतात, आणि गर्दी बघितल्यावर ते पटतं. म्हणजे गावात कोणाकडे मुक्काम असेल तरच जा, आणि दुपारी तीनच्या आत पोचा. ५ तारीख रविवारी आली तर कार्यक्रम शनिवारी ४ तारखेला असतो, हे बघून मगच सुट्टी टाका. मैदानांची तिकिटं आधी काढावी लागू शकतात, त्या त्या सोसायटीच्या साइटवर बघा.

कपडे सुती नाहीतर लोकरीचे घाला, नायलॉनच्या पफर जॅकेटला ठिणगीने भोक पडतं (ह्यांच्या पडलं). टोपी हवीच. मुलांना कानावर डिफेंडर आणि डोळ्यांना साधा प्लास्टिक गॉगल. बाबागाडी अजिबात नको. दुकानं दुपारनंतर काचांना प्लायवूड ठोकून बंद होतात, त्यामुळे पोळीभाजीचे रोल आणि पाणी जवळ ठेवा, टॉयलेटला आधीच जाऊन या. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा नाद सोडावा, धूर भयानक असतो.

मुक्कामाची सोय नसेल तर लुईसचा हट्ट धरू नका. ससेक्समध्ये बॉनफायरचा सीझन सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालतो, हेस्टिंग्ज, बॅटल, राय अशा गावांच्या मिरवणुका शनिवारी असतात आणि बाहेरगावच्या सोसायट्याही त्यांत मशाली घेऊन येतात. आम्ही पुढच्या वेळी रायला जाणार, फक्त तिथेही परतीची ट्रेन किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा.